पुण्याचा मुक्काम

इंग्रजी संभाषणाच्या वर्गाचा फॉर्म मी भरला नव्हता, ह्यांनी भरला होता. मी ज्या वाचनालयात काम करते त्याच्याच वरच्या मजल्यावर दर शनिवारी चार ते पाच हा वर्ग भरणार होता. घेणार होते ते निवृत्त शिक्षक, आमचे जुने सभासद. त्यांच्या ओळखीतून इंग्लंडमधल्या दोन बहिणी पडद्यावरून बोलायला तयार झाल्या होत्या. सर म्हणाले, व्याकरण तुमचे शाळेत झालेले आहे, आता ज्यांची ती भाषा आहे त्यांच्याशी बोलायचे. कोरे फॉर्म शिक्के मारायला मी घरी आणले होते. जेवण झाल्यावर ह्यांनी त्यातला एक ओढला आणि माझ्या नावाने भरून टाकला.

मला इंग्रजी वाचता येत होते. शब्दकोश शेजारी असला तर कादंबरीही वाचून व्हायची. बोलायची वेळ आली की मात्र मी शेजारच्या माणसाकडे बघत असे. वर्गात का यायचे आहे, या रकान्यात ह्यांनी इंग्रजीत लिहिले: वाचते पुष्कळ, बोलत नाही. पतीच्या व्यवसायापुढे लिहिले: स्टोअरकीपर, चिंचोळी एमआयडीसी, उजवा गुडघा सोडला तर सर्व ठीक. मी म्हटले, हे कशाला लिहिलेत? म्हणाले, परदेशी बायका आहेत, काहीतरी बोलायला विषय नको का त्यांना. कुठल्याही अर्जात एखादी ओळ जास्तीची लिहायची त्यांना सवय होती. रेशनच्या अर्जातही लिहिली होती.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे गेले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून परत येत होते. सात रस्ता चौकात उतरायचे, ते उठले नाहीत, म्हणून शेजारच्या माणसाने खांद्याला हात लावून हलवले. मला सांगण्यात आले ते एवढेच, आणि याहून जास्त मी कोणाला विचारले नाही.

त्यानंतरचे दिवस मला काही बोलावे लागले नाही. आपल्याकडे ही सोय असते. दारात माणूस आले की जाऊबाई पुढे व्हायच्या आणि कसे झाले, कुठे झाले, सगळे सांगायच्या. लांबच्या नातेवाइकांना नातेपुत्याहून माझी मुलगी फोन करत होती. कंपनीतली कागदपत्रे दिरांनी पाहिली. मी कोपऱ्यात सतरंजीवर बसून असायची. कोणी माझ्याशी बोलायला लागले तर शेजारी बसलेली बाई माझ्या वतीने उत्तर द्यायची. जेवली का? हो, दोन घास खाल्ले. झोप लागते का? कुठली लागतेय. मला त्याचे बरे वाटत होते. महिना गेला तेव्हा माझ्या लक्षात आले की ते गेले, हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने अजून एकदाही म्हटलेले नाही. गॅसचे पुस्तक ह्यांच्या नावावर होते. सिलिंडर आणणारा खालून ह्यांच्या नावाने हाक मारायचा आणि मी वरून ओ द्यायची. नाव बदलून घ्यायला हवे होते. पण त्यासाठी एजन्सीत जाऊन कोणाला तरी ते वाक्य सांगावे लागले असते.

जूनच्या मध्याला वर्ग सुरू झाला. वरच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असल्याने मला जावेच लागले. मागच्या बाकावर बसले, तर सरांनी पुढे बोलावले. आम्ही आठजणी होतो. माझ्या शेजारी बसायची ती शहराच्या पूर्व भागातली. तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि टॉवेलचे दुकान आहे. बाहेरच्या खरेदीदाराशी मेहुण्याच्या तोंडून बोलावे लागते याचा तिला राग होता, म्हणून ती आली होती. आम्ही तिला टॉवेलवाली म्हणायचो, तिच्या तोंडावरसुद्धा. पलीकडे बसायची ती सरकारी दवाखान्यातली नर्स, पंचविशीची, परदेशी जाण्याची परीक्षा देणारी. बाकीच्या आपापल्या कारणाने आलेल्या.

भिंतीवरच्या टीव्हीवर त्या दोघी बहिणी दिसत. तिकडे सकाळ असायची. धाकटी सत्तरीची, सदा हातात विणकाम. थोरली ऐंशीच्या घरातली, कानात यंत्र, बहुतेक वेळ कपाला दोन्ही हात लावून बसलेली. दोघींनी आमचे फॉर्म छापून घेतले होते आणि त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

पहिल्याच दिवशी एक अडचण उघड झाली. धाकटीने एकीला विचारले, की उत्तर सगळ्याजणी द्यायच्या. सरांनी उभा जन्म वर्गाकडून एका सुरात उत्तरे म्हणवून घेतली होती, त्यामुळे त्यांना त्यात वावगे दिसेना. एखादी अडली की तिची शेजारीण तिचे वाक्य पुरे करी, आणि अडलेली सुटल्यासारखी हसे. धाकटी हसून म्हणायची, एका वेळी एकीने. मग ती थांबायची. तिचे ते थांबणे आम्हाला कठीण जायचे. आपल्याकडे समोरचा गप्प झाला तर त्याला मदत हवी आहे असे आपण समजतो. ती नुसती बघत राहायची, चेहऱ्यावर घाई नाही, सुया चालू.

माझी पाळी आली. धाकटीने माझा फॉर्म उचलला, वाचला आणि तिला हसू आले. म्हणाली, तुमच्या यजमानांनी लिहिलेले मला फार आवडले. कसे आहेत ते? आणि गुडघा?

मला प्रश्न पूर्ण समजला. उत्तराचे शब्दही येत होते, सोपे तर आहेत. मी सवयीने शेजारी पाहिले.

"सर इज इन पुणे, मॅडम," टॉवेलवाली म्हणाली. "ट्रान्सफर."

वर्गातल्या सगळ्यांना माहीत होते. मग पलीकडून नर्सने जोड दिली, कंपनीची नवी शाखा, गेल्याच महिन्यात. शिकवणारे सर खिडकीकडे बघत होते. धाकटी म्हणाली, अरे, म्हणजे तुम्ही एकट्या आहात. त्यावर मी येस म्हणाले.

जिन्यात टॉवेलवालीने माझा हात धरला. "रागावू नका ओ ताई. त्या बाईला तिकडं बसून काय कळणार? तुमाला सगळ्यांसमोर रडवलं असतं. म्हटलं, पाठवून देऊ पुण्याला."

मी रागावले नव्हते. घरी जाऊबाई जे करत होत्या तेच तिने केले होते. फरक एवढाच की तिला त्या बिकट वाक्याचे इंग्रजी आले नाही, म्हणून तिने सोपे वाक्य घेतले. निदान तेव्हा मला तसे वाटले. नंतर कळले, तिला ते चांगले येत होते.

पुढच्या शनिवारी धाकटीने पुन्हा चौकशी केली आणि मग तो रिवाजच झाला. ह्यांचा पुण्याचा मुक्काम वर्गाच्या मालकीचा झाला. भूतकाळ शिकायचा असला की ते काल काय जेवले हे सांगायचे. भविष्यकाळ असला की पुढच्या महिन्यात काय करणार ते. टॉवेलवालीने त्यांना हडपसरला खोली घेऊन दिली, मेसचा डबा लावला, त्या डब्यातली भाजी गोड असते आणि सोलापूरच्या माणसाला ती चालत नाही हेही सांगितले. शेंगाचटणी इथून पाठवावी लागते, ती कशी करतात, हे सांगण्यात एक अख्खा तास गेला. नर्सने त्यांना सर्दी केली आणि बरी केली. एकीने तर शेजारच्या खोलीत एक अक्कलकोटचा कानडी माणूस आणून ठेवला, हे एकटे पडू नयेत म्हणून. त्या बहिणी मनापासून ऐकायच्या. धाकटी सल्ले द्यायची, गुडघ्याला शेक द्या, जिने कमी चढा. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे असे आम्ही आधीच सांगून बसलो होतो, म्हणून टॉवेलवालीने पुढच्या शनिवारी त्यांना तळमजल्यावर आणले.

सरांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारले, तुम्हाला त्रास होत नाही ना? नाही म्हटले, आणि ते खोटे नव्हते. आठवड्यातून एक तास ह्यांच्याबद्दल वर्तमानकाळात बोलले जात होते. घरी तसे कोणी बोलत नव्हते. घरी त्यांचा विषय निघाला की आवाज खाली जात आणि कोणीतरी चहा टाकायला उठत असे. इथे त्यांच्यावर हसायला मुभा होती. धाकटीने एकदा विचारले, त्यांच्याशिवाय करमते का? करमत नाही, मी म्हणाले. तोपर्यंतच्या मुक्कामातले तेवढेच एक उत्तर मी स्वतः दिले होते, आणि तेवढेच खरे होते.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मी वाचनालयात परत आलेली पुस्तके लावत होते. लावता लावता डोक्यात वाक्य तयार झाले, की ह्यांनी पुण्यात जुनी सायकल घेतली आहे आणि रविवारी ते लांबवर जातात. कार्डाच्या मागे ते इंग्रजीत लिहून काढले. शब्दकोशात दोन शब्द पाहिले. मग लक्षात आले की हे मला कोणी करायला सांगितलेले नाही. इतके दिवस इतरजणी बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. हे आता माझे होते. मी ते कार्ड फाडले नाही. दुसऱ्या दिवशी वाक्य म्हटले, न अडखळता. सर्वांनी कौतुक केले. थोरली बहीण, जी सहसा काही बोलत नसे, ती म्हणाली, सायकल गुडघ्याला चांगली. मला त्या संध्याकाळी जेवण गेले नाही.

दिवाळी आली. बहिणींना दिवाळीची सगळी माहिती आम्हीच दिली होती, तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता, आता ते घरी येणार ना? आम्हाला एक फोटो दाखवा. टॉवेलवालीने ह्यांना रजा मिळू दिली नाही. आमच्या घरी त्या वर्षी आकाशकंदील नव्हता, फराळ शेजारून आला होता. पडद्यावर मात्र कंपनीवाले दुष्ट ठरले.

वर्ग नोव्हेंबरच्या शेवटी संपणार होता. शेवटच्या आधीच्या शनिवारी धाकटीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, शेवटच्या दिवशी प्रत्येकीने हॉलमध्ये एकटीने यायचे आणि त्या दोघींशी दहा मिनिटे बोलायचे. बाकीच्यांनी खाली थांबायचे, सरांनीसुद्धा. दुसरी गोष्ट तिने विणकाम वर उचलून दाखवली. करड्या लोकरीचा, नळीसारखा पट्टा. इतके महिने तिच्या सुयांवर जे काय काय होऊन गेले त्यात हे कधी सुरू झाले ते आम्हाला कळलेच नव्हते. उजव्या गुडघ्यासाठी, ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुण्याचा पत्ता द्या, मी पोस्टाने पाठवते.

वर्ग सुटल्यावर आम्ही जिन्यात थांबलो. पहिल्यांदाच कोणी हसत नव्हते. नर्स म्हणाली, काकू, आता सांगायला पाहिजे हो, ती म्हातारी बाई लोकर विकत आणून विणतेय. सर म्हणाले, वर्ग संपतोच आहे, विषय आपोआप मिटेल. त्यांना वाईट वाटायला नको आणि आपल्यालाही नको.

"पत्ता काय अवघड हाय का?" टॉवेलवाली म्हणाली. "माझा दीर हाय की पुण्यात. त्याचा पण गुडघा दुखतो. घालंल तो."

मी म्हणाले, मी बघते.

"बघायचं काय त्यात?" तिने पदर खोचला. "सहा महिने सांभाळलं आपण त्यांना. आता दहा मिनिटांसाठी कशाला मारता, ताई?"

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. मला तिचा राग आला नाही. वर्गात जे चालले होते त्याला इतक्या नेमक्या शब्दांत कोणी नाव दिले नव्हते. घरी जाताना मला कळत होते की प्रश्न आता गुडघ्याच्या पट्ट्यापुरता राहिलेला नाही. पुण्याचा पत्ता दिला असता तर मी पुढे कोणालाच ते वाक्य सांगितले नसते.

आठवडाभर मी शेवटच्या दिवसाची तयारी लिहून काढत होते. मोठी मोठी वाक्ये लिहिली, क्षमा मागणारी, कारणे देणारी. शनिवारी ते कागद खालीच टेबलावर राहिले. माझा क्रमांक सहावा. वर गेले, दार लोटले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसले.

पडद्यावर थोरली एकटीच होती. तिने हाताने खूण करून सांगितले, बहीण दाराशी गेली आहे, कोणीतरी आले आहे. तिने कप ठेवला.

ती म्हणाली, "मग, ते घरी कधी यायचेत?"

शेजारच्या खुर्चीवर कोणी नव्हते. मी तरीही तिकडे पाहिले. ती थांबली. तिच्या बहिणीसारखीच थांबली.

मी म्हणाले, ते येणार नाहीत. ते मे महिन्यात वारले, वर्ग सुरू व्हायच्या आधी.

तिने कानामागे हात नेला आणि पुढे वाकली. ऐकू आले नव्हते. मला ते वाक्य पुन्हा म्हणावे लागले, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. हॉलच्या उंच छपरामुळे आवाज फिरून माझ्याकडे आला. खाली जिन्यात चाललेली कुजबुज थांबलेली मला कळली.

थोरलीने मान हलवली. ओह वगैरे काही म्हणाली नाही. तिने विचारले, "नाव काय त्यांचं?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आमच्यात बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. कागदावर मी ते असंख्य वेळा लिहिले होते, पण तोंडाने लग्नातल्या उखाण्यापुरतेच घेतले होते, तेही लाजत आणि घाईत. वर्गात ते सर होते, मिस्टर होते, हजबंड होते. मी नाव सांगितले. तिने ते म्हणून पाहिले, चुकले. मी पुन्हा सांगितले. दुसऱ्या खेपेला तिला बरेचसे जमले. तिच्या तोंडून ते ऐकताना मला वेगळे वाटले. ते नाव इथे लिहीत नाही.

तेवढ्यात धाकटी आत आली, हातात एक खोका. खुर्चीत बसत तिने काय चालले आहे ते विचारले. थोरली तिच्याकडे वळून सांगू लागली, ह्यांचे यजमान...

"मी सांगते," मी म्हणाले.

तिला सगळे सांगितले. बस, सात रस्ता, पहिल्या दिवशीचा प्रश्न, टॉवेलवाली, सायकल. व्याकरणाच्या किती चुका झाल्या असतील ते माहीत नाही. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटले ती दुखावली आहे, आणि थोडी होतीही. इतक्या शनिवारांचे काय, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग तिने विचारले, "आणि गुडघा?"

मी म्हणाले, गुडघा खरा होता.

"उजवा," ती म्हणाली.

उजवाच, मी म्हटले. तेव्हा ती जराशी हसली. पट्टा पुरा होत आला आहे, काय करू, तिने विचारले. मी काही म्हणायच्या आत थोरली म्हणाली, पाठव. मी वाचनालयाचा पत्ता सांगितला. तिने तो पेन्सिलीने माझ्या फॉर्मवर लिहून घेतला, ह्यांच्या अक्षराखाली.

दार उघडले तर टॉवेलवाली वरच्या पायरीवर बसलेली. ती सरकली, मला जागा केली. डोळे लाल होते.

"मला येत होतं ताई ते वाक्य," ती म्हणाली. "पयल्या दिवशी पण येत होतं. माझ्या तोंडानं नको वाटलं."

मी तिच्याजवळ बसले. पुढची बाई आत गेली.

पट्टा जानेवारीत आला. टॉवेलवालीने दिरासाठी दोनदा विचारले. मी दिला नाही.

पण गॅस एजन्सीत मी त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच गेले. दीर बरोबर येतो म्हणत होते, त्यांना नको म्हटले. काउंटरवरच्या मुलीने पुस्तक उघडून नाव वाचले आणि विचारले, हे स्वतः आले नाहीत का? माझ्या मागे आमच्या गल्लीतल्या एक बाई उभ्या होत्या. त्या लगेच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, अगं, ह्यांचे ना... मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ते वारले," मी म्हणाले. "मे महिन्यात."

मुलीने वर पाहिले नाही. "दाखल्याची झेरॉक्स आणलीय?"

मी दोन आणल्या होत्या.